नावुनी फाट्यावरचा प्रतिष्ठित प्रवासी

माणसाचा उपयोग कशाकशासाठी होऊ शकतो, याची पन्नाशी उलटेपर्यंत मला नीट कल्पना नव्हती. मी विमा कंपनीत दावे तपासतो. कुणाचं घर वादळात उडालं, कुणाची होडी बुडाली, कुणाच्या दुकानाला आग लागली, की ते नुकसान खरंच झालंय की झाल्यासारखं दाखवलंय हे ठरवणं माझं काम. त्यामुळे आमच्या वाईसासा गावात मी समोरून आलो की लोक जरा सावरून बसतात. रोज टाय बांधणारी माणसं गावात दोनच, बँकेचे मॅनेजर आणि मी. त्यातही मॅनेजर फिजीच्या उन्हाला कंटाळून दुपारी टाय खिशात घालतात. मी घालत नाही. अशा माणसाला गळाला लावायच्या गांडुळासारखं वापरता येईल, ही कल्पना माझ्याच मुलीच्या डोक्यातून निघाली. शायलचं डोकं माझ्यावर गेलंय असं आजवर मीच चारचौघांत सांगत आलो होतो, म्हणून तक्रार करायलाही जागा नाही.

तसं मूळ शोधायचं तर माझं भाषणच निघतं. शाळेच्या बक्षीस समारंभात मला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं होतं. विषय होता, 'तरुण आणि सामाजिक न्याय'. मी 'तरुणांनी सामील होण्याचे सात मार्ग' सांगितले. सातच का, तर आठवा सुचला नाही म्हणून. विषय समजून घ्या, सह्या गोळा करा, पत्र लिहा, ज्येष्ठांना सोबत घ्या, वगैरे. टाळ्या बऱ्या पडल्या. मुख्याध्यापकांनी शिंपल्यांचा हार घातला. तो घालून मी ऑफिसलाही गेलो. भाषण दिलं की विषय संपतो, असा माझा प्रामाणिक समज होता.

मग एका रविवारी रात्री जेवताना शायल म्हणाली, "पप्पा, तुमचे मार्ग आम्ही करून बघितले."

"सातही?" मी विचारलं. पाचवा कुठला होता ते मला आठवत नव्हतं, पण चेहरा मी आठवत असल्यासारखाच ठेवला.

"तीन झाले. तिन्ही फुकट गेले. आता चौथा. ज्येष्ठांना सोबत घ्या."

"उत्तम," मी म्हणालो. "कोण ज्येष्ठ?"

सरोजने, म्हणजे माझ्या बायकोने, भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी इंजेक्शन देण्याआधी ती पेशंटकडे पाहते. ती नर्स आहे.

प्रकरण असं होतं. गावाबाहेर डोंगराच्या पायथ्याशी नावुनी फाटा आहे. वर वस्ती आहे, तिथली पंधरावीस पोरं सकाळी उतरून फाट्यावर बसची वाट बघतात. आमच्या भागात बस कंपनी एकच, 'कोरल क्वीन'. तिचा सातच्या बसचा ड्रायव्हर मुनेश फाट्यावर नुसते गणवेश उभे दिसले की बस थांबवायचाच नाही. पोरांचं तिकीट अर्धं, बुटांना चिखल, आणि वर दंगा. मोठी माणसं उभी असली तर थांबायचा. एरवी गाणं मोठं करून निघून जायचा. पोरं मग दीड तास चालत शाळेत येत आणि उशीर झाला म्हणून शिक्षा भोगत.

पोरांनी सह्या गोळा केल्या होत्या, पत्र लिहिलं होतं. कंपनीचं उत्तर आलं, 'आमची बस प्रत्येक थांब्यावर प्रवाशांसाठी थांबते.'

"म्हणजे आम्ही प्रवासी नाही," शायल म्हणाली.

तिच्या शेजारी तिची मैत्रीण लितिया बसली होती. शनिवार-रविवार ती अभ्यासाला आमच्याकडेच असे. नावुनीच्या वस्तीत सगळ्यात वरचं घर हिचं. मुलगी कमी बोलायची, पण बोलली की समोरच्याला बसलेल्या जागी खुर्ची टोचायला लागायची.

"काका, तुम्ही फक्त फाट्यावर उभं राहायचं," ती म्हणाली.

"आणि?"

"आणि काही नाही. तुम्हाला छान जमेल."

योजना साधी होती. मी टाय, बॅग, छत्री अशा थाटात थांब्यावर एकटा उभा राहायचं. पोरं मागच्या जास्वंदीच्या कुंपणाआड बसणार. पूर्ण तिकिटाचा प्रतिष्ठित प्रवासी बघून मुनेश बस थांबवणार. मी एक पाय पायरीवर ठेवायचा आणि एक जमिनीवर, आणि खिशात बसचं कार्ड शोधत बसायचं. माणूस असा अर्धा आत अर्धा बाहेर असताना बस हलवता येत नाही, हा शायलचा शोध. तेवढ्यात पोरं चढणार.

"मी आमिष?" मी विचारलं.

"ज्येष्ठ," शायल म्हणाली.

सोमवारी सरोजने आम्हाला गाडीतून फाट्यावर सोडलं. तिचा दवाखाना फाट्याच्या पुढे आहे. इतकी वर्षं ती बसने जायची आणि गाडी मी न्यायचो, कारण टाय बसमध्ये चुरगळतो. त्या दिवशी सोयीचं म्हणून गाडी ती घेऊन गेली. गाडीची किल्ली माझ्या हातातून शेवटची गेली ती त्या सकाळी, हे तेव्हा लक्षात आलं असतं तर मी नीट निरोप तरी घेतला असता.

बस आली. खिडक्यांना काचा नाहीत, ताडपत्रीच्या गुंडाळ्या वर बांधलेल्या, आत गाणं दणदणतंय. मी छत्री उंच केली. बस अगदी अदबीने थांबली.

"बुला, गौंडर साहेब!" मुनेश म्हणाला. "आज इकडे कुठे? गाडी बिघडली?"

"बुला, बुला," असा नमस्कार परतवत मी एक पाय पायरीवर ठेवला आणि खिशात कार्ड शोधू लागलो. इथे सांगायला हवं की अभिनयाची गरजच पडली नाही. कार्ड खरंच सापडत नव्हतं. मागून पानं सळसळली आणि माझ्या डाव्या काखेखालून एक, उजव्या काखेखालून दोन, असा गणवेशांचा लोंढा आत घुसला. कुणीतरी माझ्या जमिनीवरच्या पायावर पाय दिला, तो मी झटकन वर घेतला, आणि बूट तिथेच राहिला. मुनेशचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. माझाही झाला असावा, पण तो मला दिसत नव्हता.

"साहेब, हे सगळे तुमचे?" मुनेशने विचारलं.

"एकच माझी," मी म्हणालो. "बाकीचे प्रवासी."

वाक्य चांगलं होतं. एका पायात मोजा असताना ते जितकं भारदस्त वाटू शकतं तितकं वाटलं. बूट शायलने खिडकीतून बाहेर वाकून एका म्हाताऱ्याकडून मागून घेतला.

तीन दिवस हे जमलं. नावुनीची पोरं पहिल्या तासाला वर्गात बसलेली बघून मास्तर गोंधळले म्हणे. मी ऑफिसात सगळ्यांना हा किस्सा सांगितला. सांगता सांगता मी जमिनीवरचा पाय जाणूनबुजून घट्ट रोवला होता, असं त्यात आपोआप आलं. रोज संध्याकाळी मी सरोजला विचारायचो, "उद्या गाडी मी नेऊ?" आणि ती म्हणायची, "आणि पोरं?" सामाजिक न्यायाची इतकी कळकळ मी तिच्यात आधी कधी पाहिली नव्हती.

चौथ्या दिवशी मुनेशने बस हळू केली, मान लांब करून कुंपणामागे पाहिलं, मला हात केला आणि बस हाकली. मी छत्री वर धरून तसाच उभा.

त्या संध्याकाळी मी शेजारी इलाइतियाकडे गेलो. इलाइतिया निवृत्त पोलीस सार्जंट. त्याच्या ओसरीवर रोज ग्रॉगचं, म्हणजे मुळ्या कुटून पाण्यात कालवलेल्या कावाचं, घमेलं मांडलेलं असतं आणि गावातले सगळे प्रश्न तिथे सुटतात. फक्त सकाळी ते पुन्हा जसेच्या तसे असतात. भरलेली करवंटी माझ्या हातात देऊन, रिवाजाप्रमाणे टाळी वाजवत तो म्हणाला, "गौंडर, तुझा प्रश्न कपड्यांचा आहे. टाय काढ. आमच्यासारखा सुलू कमरेला गुंडाळ, पांढरा सदरा घाल, हातात बायबल धर. पाद्र्याला सोडून जायची हिंमत या बेटावरच्या कुठल्या ड्रायव्हरला नाही."

"मी सुब्रह्मण्यमच्या देवळाच्या कमिटीवर आहे," मी म्हणालो.

"मग बायबल जरा झाकून धर."

रामरतन मास्तर तिथेच पसरले होते. चाळीस वर्षं भूगोल शिकवून त्यांना सगळ्या प्रश्नांची उत्तरं परदेशात दिसतात. ते म्हणाले, "पाद्री नको. टूरिस्ट हो. टूरिस्टसाठी बस काय, विमानसुद्धा थांबतं."

ग्रॉगने जीभ बधिर झाली होती, बहुधा बुद्धीही. दुसऱ्या दिवशी मी माडांची चित्रं असलेला लाल शर्ट, अर्धी चड्डी, गवती टोपी आणि गळ्यात मास्तरांचा बंद पडलेला कॅमेरा अशा वेषात फाट्यावर उभा राहिलो. माझे गुडघे त्या रस्त्याने प्रथमच पाहिले. लितियाने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "काका, याची गरज होती का?" पण तोवर बस दिसली होती.

बस थांबली. मुनेश अगदी गोड आवाजात इंग्रजीत म्हणाला, "फिजीमध्ये स्वागत आहे, सर!" मग टोपीखाली डोकावला. "अरे देवा. गौंडर साहेब?"

आतून सगळी बस माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या रांगेत एक बाई होत्या. त्यांचा छप्पर उडाल्याचा दावा मी आदल्याच आठवड्यात पुराव्याअभावी नाकारला होता. त्यांनी मोबाइल काढला आणि माझा फोटो घेतला. पुरावा कसा गोळा करावा हे त्यांना मीच शिकवलं होतं.

तो फोटो संध्याकाळपर्यंत बस कंपनीच्या मॅनेजरकडे गेला आणि तिथून सगळ्या ड्रायव्हरांच्या फोनवर. हा माणूस दिसला तर बस थांबवू नये. कुठेही. हे मला मुनेशनेच सांगितलं, बाजारात भेटला तेव्हा, आणि जरा ओशाळून सांगितलं. "साहेब, माझ्या हातात काही नाही. वरून आलंय."

"निदान टाय घातलेला फोटो तरी वापरायचा," मी म्हणालो.

त्यानंतर मी वाईसासातला एकमेव माणूस झालो, ज्याच्यासाठी कुठल्याच थांब्यावर कुठलीच बस थांबत नव्हती. गाडी सरोजकडे. मी ऑफिसला चालत जाऊ लागलो. उसाचा हंगाम होता. कारखान्याच्या धुराड्यातली काजळी पांढऱ्या शर्टावर बसायची आणि उसाचे ट्रक उरलेली धूळ द्यायचे. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून हळू आवाजात विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?"

त्यातच निवृत्त झाल्यावरही शांत न झालेल्या इलाइतियाच्या पोलिसी डोक्यातून नवीन गोष्ट निघाली. "तू रोज वीस पोरं जमवतोस. पुढारी तू. ही सभा झाली. सभेला परवाना लागतो."

"आम्ही बसची वाट बघतो!"

"वाट बघण्याचा हेतू बस पकडणं असेल तर ठीक. पण तुझा हेतू बस थांबवणं आहे. त्याला आंदोलन म्हणतात."

मी कायदा पाळणारा माणूस. एक दिवस अर्धी रजा टाकून पोलीस स्टेशनवर गेलो. तिथे एक तरुण शिपाईण होती. तिने कागद पुढे ओढून पेन उघडलं.

"मोर्चाचा मार्ग?"

"मार्ग नाही. आम्ही एका जागी उभे राहतो."

"मग कुठे जायचंय?"

"शाळेत."

"म्हणजे मार्ग आहे."

"बस थांबली तर आहे."

तिने काहीतरी खोडलं. "सभा संपण्याची वेळ?"

"बस येईपर्यंत."

"ती कधी येते?"

"येते वेळेवर. थांबत नाही."

"सभेचा उद्देश?"

"शाळेत जाणे."

तिने पेन खाली ठेवलं. "काका, शाळेत जायला पोलिसांचा परवाना कशाला?"

"मी पण तेच म्हणतोय," मी म्हणालो, आणि माझा आवाज अपेक्षेपेक्षा मोठा निघाला असावा, कारण कोठडीतल्या एका माणसाने टाळी वाजवली.

तिने मला नगरपालिकेत पाठवलं, थांब्याची जागा त्यांची म्हणून. नगरपालिका म्हणाली, फाटा आमच्या हद्दीच्या पलीकडे, रस्तेवाल्यांना विचारा. रस्तेवाले म्हणाले, खांब आमचा, पण खांबाखालची जमीन चर्चची. चर्चच्या कारभाऱ्याने मला सावलीत बसवलं, सगळं ऐकून घेतलं, आणि माझ्यासाठी प्रार्थना केली. त्या दिवसात माझ्या अर्जावर झालेली ती एकमेव ठोस कारवाई.

मी असा कागदांच्या मागे फिरत होतो तेव्हा फाट्यावर काय चाललंय इकडे माझं लक्ष नव्हतं. मुनेशने आता नावुनीला बस थांबवणं जवळजवळ बंदच केलं होतं. पूर्वी मोठी माणसं असली की तो थांबायचा, त्यांच्यामागून दोनचार पोरं तरी शिरायची. आता प्रत्येक मोठ्या माणसात त्याला मी दिसत होतो. आणि त्याच आठवड्यात चाचणी परीक्षा होती. शाळेचा नियम होता, पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला की फाटक बंद. गणिताच्या पेपराला लितिया चालत आली, शेवटचा चढ पळत आली, आणि फाटकाबाहेर राहिली.

हे मला शायलने सांगितलं नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोललीच नाही. सांगायला लितियाची आई आली.

मेरेसेइनी बाजारात अळकुड्या विकते. धिप्पाड बाई, केस मोठे फुललेले, हसली की सगळी ओसरी हलते. त्या दिवशी हसत नव्हती. हातात अळकुड्यांची मोठी जुडी होती. ती तिने सरोजच्या हातात दिली, चटईवर बसली, चहा घेतला, सरोजच्या तब्येतीची चौकशी केली, पावसाबद्दल बोलली. मग माझ्याकडे वळली.

"गौंडरभाऊ, तुम्ही मनाने चांगले आहात."

"छे, छे," मी म्हणालो.

"ते अळू तुमच्यासाठीच आणलंय. तुम्ही पोरांसाठी पायपीट केलीत, हसं करून घेतलंत, हे कुणी विसरणार नाही."

"अहो, त्यात काय..."

"म्हणून हात जोडून सांगते, आता मदत करू नका."

सरोजने चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. दावे नाकारताना माझ्याकडे बरीच वाक्यं असतात. 'आपली अडचण आम्ही समजू शकतो' हे त्यातलं सगळ्यात बरं. तेवढंच तोंडात आलं, आणि मी ते गिळलं.

"लितियाचं वार्षिक परीक्षेला काय?" एवढंच मी विचारलं.

"ते पोरी बघतायत," मेरेसेइनी उठत म्हणाली. "त्यांना बघू द्या."

रात्री मी शायलच्या दारात जाऊन उभा राहिलो. ती वहीत डोकं घालून बसली होती. "चुकलं माझं," मी म्हणालो. हे म्हणायला मला ग्रॉग लागला नाही याचं मलाच आश्चर्य वाटलं. ती म्हणाली, "पप्पा, तुम्हाला आम्हीच नेलं होतं. पण ती टोपी तुमची होती." मग वही बाजूला सरकवून म्हणाली, "बसा."

पुढचे काही आठवडे दोघी पोरी संध्याकाळी कुठेतरी जायच्या. कधी बाजारात, कधी नदीपलीकडच्या शेतांवर. भाजी निवडायच्या, ओझी उचलू लागायच्या, बायकांशी गप्पा मारायच्या. मी विचारलं नाही. म्हणजे एकदा विचारलं. शायल म्हणाली, "पप्पा," आणि मी परत पेपर वाचू लागलो.

वार्षिक परीक्षेचा पहिला पेपर गणिताचाच होता. आदल्या रात्री शायल म्हणाली, "उद्या यायचं तर फाट्यावर या. मी पुलावरच्या थांब्यावर असेन. पण मध्ये काही बोलू नका."

"टाय घालू?"

"काहीही घाला."

मी टाय घातला. फाट्यावर पोचलो तर पोरं या वेळी कुंपणामागे नव्हती, रस्त्याच्या कडेला उघड उभी होती. आणि त्यांच्यामागे नावुनीच्या दहाबारा बायका, बाजाराला निघालेल्या. अळकुड्या, कसावाची पोती, केळीचे घड, एक पाय बांधलेली कोंबडी. एका मावशीने काही न बोलता ती कोंबडी माझ्या हातात दिली. चळवळीतली ही माझी नवी जागा. मी ती निष्ठेने धरली.

बस आली आणि थांबली. इतकी पूर्ण तिकिटं एकदम बघून मुनेशचा चेहरा उजळला. "चढा मावशी, पटापट."

कुणी हललं नाही. मेरेसेइनी म्हणाली, "आधी पोरं."

"मावशी, पोरांनी गाडी भरली तर तुम्ही कुठे बसणार?"

"तो आमचा प्रश्न. आधी पोरं."

"मला वेळ सांभाळायचीय."

"त्यांनाही सांभाळायचीय. पेपर आहे."

मुनेशने बायकांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं, मग मला कोंबडीसकट पाहिलं. एवढं मात्र त्याला सहन झालं नसावं. त्याने गिअर टाकला आणि बस निघून गेली.

पूर्वीचा मी असतो तर आत्तापर्यंत चार सूचना करून मोकळा झालो असतो. ओठावर आलेली पहिली सूचना कोंबडीने मनगटावर चोच मारून परतवली. लितिया मात्र पाटावर बसल्यासारखी शांत बसून सूत्रं पुटपुटत होती. वळणाखाली पुढचा थांबा दिसत होता. बस तिथे थांबली. तिथेही बायका उभ्या होत्या. कुणी चढलं नाही. बस पुढे गेली आणि झाडीत दिसेनाशी झाली.

"तिसरा थांबा पुलावर," लितिया मान वर न करता म्हणाली. "तिथे सुकदेई मावशी आहेत."

"त्या कोण?"

"वांगी विकतात. मुनेशच्या सासूबाई."

पुलावर काय झालं ते शायलने फोनवरून लितियाला आणि लितियाने आम्हाला सांगितलं. सुकदेई मावशी एकट्याच बसमध्ये चढल्या, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसल्या, मांडीवर वांग्यांची टोपली ठेवली आणि जवळजवळ रिकाम्या बसभर नजर फिरवली.

"मुनेशबाबू, वरची पोरं कुठायत?"

"माँजी, ते..."

"फिरव."

"माँजी, रूट असतो, असं मागे नाही जाता येत, कंपनी..."

"माझी मुलगी तुझ्या कंपनीला दिली की तुला? फिरव."

आणि मग आम्ही पाहिलं. वाईसासाच्या इतिहासात प्रथमच सातची बस उलट दिशेने, चढ चढून, गाणं बंद करून परत येत होती. पुढच्या खिडकीत सुकदेई मावशी पदर डोक्यावर घेऊन देवळाच्या रथात बसल्यासारख्या बसल्या होत्या. मुनेश समोर बघत होता. कुणाकडेच बघायचं नसलं की माणूस जितकं समोर बघतो तितकं.

"चढा रे," तो म्हणाला.

पोरं चढली. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही, एकेक करून, आणि प्रत्येकाने बूट पायरीवर पुसले. ते बघून मुनेशच्या मानेची एक शीर सैल झाल्यासारखी वाटली. लितिया शेवटची. तिने पायरीवर थांबून त्याला म्हटलं, "थँक यू, दादा." तो म्हणाला, "जा, जा, आत सरक," पण आवाजात आधीची धार नव्हती.

मग बायका, पोती, घड. मांड्यांवर मांड्या. खालच्या दोन थांब्यांवरचेही यायचे होते. माझ्या हातातली कोंबडी खिडकीतून आत घेतली गेली आणि मी एक पाय पायरीवर ठेवला. सवयीने दुसरा जमिनीवरच राहिला.

"साहेब," मुनेश म्हणाला, "जागा नाही हो. खरंच नाही. या वेळी वरून आलेलं नाही."

"टायवाले, तुम्ही चाला," सुकदेई मावशी खिडकीतून म्हणाल्या. "प्रकृतीला बरं असतं."

मी पाय काढून घेतला. बस गेली. रस्त्यावर मी आणि मेरेसेइनी. तिने आपली जागा गुडघे दुखणाऱ्या एका म्हातारीला दिली होती. पोतं आधीच पुढे गेलं होतं, म्हणून हात मोकळे होते. आम्ही चालू लागलो.

वाटेत तिने कमरेला बांधलेल्या फडक्यातून भाजलेला कसावा काढून अर्धा मला दिला. उसाचा ट्रक गेला, दोघांवर काजळी बसली. ती माझ्याकडे बघून हसली आणि खरंच, आजूबाजूचा ऊसही हलल्यासारखा वाटला.

"पोरींनी सहा आठवडे ओझी उचलली," ती म्हणाली. "नुसतं सांगितलं असतं तर ऐकलं नसतं कुणी. आधी उचललं, मग सांगितलं."

सात मार्गांच्या यादीत हा कुठे बसतो, याचा मी विचार करत होतो. नव्हताच तो.

"लितियाला जमीन मोजणारी व्हायचंय," ती मग म्हणाली. "डोंगरावरच्या प्रत्येक घराची हद्द कागदावर काढणार म्हणते. शेजारणीशी माझं कुंपणावरून भांडण आहे ना, ते आधी."

"कोण बरोबर आहे भांडणात?"

"शेजारीण," मेरेसेइनी म्हणाली. "म्हणून तर गणिताची काळजी वाटते."

शाळेचं फाटक आलं तेव्हा ऊन चढलं होतं. माझा टाय मानेला चिकटला होता आणि बुटाचा तळ अर्धा सुटला होता. गावात जायचा रस्ता तिथूनच जातो, पण मी फाटकाशी थांबलो. मेरेसेइनीही थांबली. वर्गांच्या खिडक्या उघड्या होत्या आणि सगळीकडे परीक्षेची ती घट्ट शांतता होती.

पहारेकरी स्टुलावरून उठला आणि त्याने हात आडवा केला. "आत नाही जाता येणार. पेपर सुरू होऊन अर्धा तास झाला. आता कुणालाच सोडत नाही."

"नावुनीची पोरं आली का?" मेरेसेइनीने विचारलं. इतका वेळ हसत आलेली बाई, आवाज एकदम बारीक झाला होता.

"नावुनीची?" पहारेकरी म्हणाला. "ती तर घंटा व्हायच्या आधीच येऊन बसली. सगळी." मग त्याने माझा टाय, माझे बूट आणि आम्हा दोघांवरची काजळी सावकाश बघून घेतली. "तुम्ही दोघंच तेवढे उशिरा आलात."